हाय-सी करताय? मग या चुका तरी टाळा

केंद्रकात डीएनएचे कुठले तुकडे एकमेकांजवळ असतात ते मोजायची पद्धत म्हणजे हाय-सी, आणि तिचा नकाशा दिसायला फार सोपा असतो हीच त्याची खरी गोची आहे. पांढऱ्यावर लाल, मधून तिरकी रेघ, रेघेवर बसलेले चौकोन, कोपऱ्यात एखादा ठिपका. बघणाऱ्याला वाटतं कळलं. मग चौकोन दिसला की टॅड, ठिपका दिसला की लूप आणि आठवड्याभरात पोस्टर छापायला. रत्नागिरी, दापोली, सावंतवाडी, जिथून जिथून पोरं मला डेटा दाखवतात तिथून त्याच त्या चुका येतात आणि खोटं कशाला बोलू, पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमधूनही त्याच येतात, फक्त त्यांचं पोस्टर जास्त गुळगुळीत कागदावर असतं. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

अगदीच नवीन असाल तर थोडक्यात. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो आणि ज्या केंद्रकात तो मावतो ते जेमतेम ५ ते १० मायक्रॉनचं. आत तो कसाही कोंबलेला नसतो. प्रत्येक क्रोमोझोमचा आपला इलाखा असतो, हे तर बोव्हेरीने १९०९ मध्येच मांडलं होतं. जीन चालू असलेले भाग बहुतेक एकमेकांच्या सोबतीने राहतात, गप्प भाग एकमेकांच्या, त्यांना ए आणि बी कंपार्टमेंट म्हणतात. त्याहून बारीक पातळीवर टॅड, म्हणजे आपल्याआपल्यात जास्त जोडले जाणारे सलग प्रदेश, आणि त्याहून बारीक लूप, म्हणजे लांबचे दोन बिंदू जवळ येऊन झालेला फास. हे मोजायचं तर आधी फॉर्मॅल्डिहाइडने जवळजवळचे तुकडे जागच्या जागी धरून ठेवायचे, एन्झाइमने डीएनए कापायचा, टोकांना बायोटिन लावून शेजारशेजारची टोकं लायगेज या जोडणाऱ्या एन्झाइमने जोडायची आणि कोण कोणाला जोडलं गेलं ते सिक्वेन्स करून मोजायचं. योब डेकर आणि मंडळींनी २००२ मध्ये यीस्टवर थ्री-सी केलं ती याची सुरुवात, अख्ख्या जिनोमवर मोजणारं हाय-सी २००९ मध्ये आलं. म्हणजे नकाशातला लाल रंग एवढंच सांगतो की हे दोन तुकडे इतक्या वेळा जोडलेले सापडले. ती मोजणी आहे. अंतर नाही. आणि एकाने दुसऱ्याला चालू केलं याचा पुरावा तर बिलकुल नाही.

फॉर्मॅल्डिहाइडची बाटली कधी फोडली ते बघा

ही माझी लाडकी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार.

सिंधुदुर्गातल्या एका ग्रुपने हापूसच्या पानांवर हाय-सी करायचं ठरवलं. कल्पना चांगलीच होती. आंब्याच्या क्रोमोझोमच्या २० जोड्या, जिनोम साधारण ४० कोटी बेसचा म्हणजे फार अवाढव्य नाही, शिवाय हापूसचा जिनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे मॅप कशावर करायचं हा प्रश्न नाही. मे महिन्यात ऐन तोडणीच्या गडबडीत एक पोरगा बागेत गेला आणि हाताला लागली ती पानं घेऊन आला. आता हाताला लागतात ती पानं म्हणजे खालच्या फांदीवरची, जून, जाड, गडद हिरवी, फेनॉल आणि चिकाने भरलेली. ती प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून दुपारनंतर लॅबमध्ये पोचली. मग कपाटातून फॉर्मॅल्डिहाइडची बाटली निघाली, लेबलवर ३७ टक्के आणि तळाशी बोटभर पांढरा साका. साका बसला याचा अर्थ रेणू एकमेकांना जोडून पॉलिमर झालाय, वर जे पाणी दिसतंय ते ३७ टक्के राहिलेलं नाही आणि बाटली उघडझाप होऊन जुनी झाली असेल तर त्यात फॉर्मिक ॲसिडही तयार झालेलं असतं. पोरांनी काय केलं? बाटली हलवली आणि लेबलवरचा आकडा धरून १ टक्क्याचं द्रावण बनवलं. हलवली म्हणजे झालं!

पानं तशीच त्यात बुडवली. व्हॅक्यूम नाही, कारण पंप बिघडलेला होता आणि दुरुस्तीचा कागद कुठल्यातरी टेबलावर पडून होता. अहो, आंब्याच्या पानावर मेणाचा थर असतो, कोकणातला जूनचा पाऊस त्याच्यावरून ओघळून जातो, तुमचं द्रावण ते आपणहून आत घेईल होय? पुढे केंद्रकं काढताना सगळं तपकिरी झालं, तेव्हा तरी थांबायचं. नाही. एन्झाइम, बायोटिन, लायगेज, सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहिल्याप्रमाणे केलं, लायब्ररी बनली, जेलवर छान दिसली, सगळे खूश, आणि ग्रँटमधले बहुतेक पैसे एका फटक्यात सिक्वेन्सिंगला गेले.

नकाशा आला तो सपाट गुलाबी. तिरकी रेघ होती पण केविलवाणी. एकाच क्रोमोझोममध्ये जोडलेल्या जोड्या, ज्यांना आपण सिस म्हणतो, त्या दहाबारा टक्के, बाकी सगळं दोन वेगवेगळ्या क्रोमोझोमच्या मधलं, म्हणजे ट्रान्स. गाईडचं मत पडलं की डेप्थ, म्हणजे वाचलेल्या जोड्यांची संख्या, कमी पडली, अजून सिक्वेन्स करा. इथे माझं डोकं फिरलं. साधा हिशोब करा ना. २० क्रोमोझोम साधारण सारख्या लांबीचे धरले आणि तुकडे पाण्यात मोकळे सोडून कोणालाही कोणाशीही जोडलं, तर दोन्ही टोकं एकाच क्रोमोझोमची निघण्याची शक्यता विसात एक, म्हणजे ५ टक्के. तुमचं दहाबारा येतंय म्हणजे बहुतांश लायगेशन केंद्रकाबाहेर, फुटून मोकळ्या झालेल्या डीएनएमध्ये झालंय. ते अजून खोल सिक्वेन्स केलं तर काय मिळणार, तोच गोंगाट जास्त पैशात. चांगल्या प्रयोगात सिस स्पष्टपणे वरचढ असतं आणि त्यातही लांबपल्ल्याचं सिस, म्हणजे २० हजार बेसच्या पलीकडचं, भरपूर लागतं. नुसतं जवळजवळचं सिस भरलेलं असेल तर टोकं नीट जोडलीच गेलेली नाहीत.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. फॉर्मॅल्डिहाइड मी छोट्या सीलबंद काचेच्या ॲम्प्यूलमधलं वापरतो, फोडली की त्या दिवशी संपवायची, उरलं तर फेकायचं (नियमाप्रमाणे फेकायचं, बेसिनमध्ये नाही). महाग पडतं म्हणतात. सिक्वेन्सिंगचं बिल बघा आणि मग म्हणा महाग पडतं. पान कोवळं घ्यायचं, पण तांबूस लुसलुशीत पालवी नाही, त्यातही फेनॉल भरपूर असतात, हिरवट व्हायला लागलेलं पण अजून मऊ असलेलं पान मला बरं वाटतं. सकाळी लवकर तोडायचं, बागेतच कापून व्हॅक्यूमखाली फिक्स करायचं, हातपंपाचं व्हॅक्यूम पण चालतं, पान द्रावणात बुडून खाली बसलं आणि पारदर्शक गडद दिसायला लागलं की आत गेलं समजा. मग ग्लायसीन घालून थांबवायचं, धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि गोठवायचं. बफरमध्ये पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल, तपकिरी होऊ नये म्हणून. लिक्विड नायट्रोजन इकडे मिळत नाही हे कारण मला सांगू नका, गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी ते तालुक्या-तालुक्यात फिरत असतं, जाऊन गोड बोला, थोडंसं देतात.

आणि उलटं पण होतं हं. काही लोक घाबरून फॉर्मॅल्डिहाइड दुप्पट आणि वेळ तिप्पट करतात, मग एन्झाइम आत शिरतच नाही आणि जेलवर सगळा डीएनए वरच अडकून बसतो.

म्हणून तीन लेनचं जेल चालवल्याशिवाय पुढे जायचं नाही: न कापलेला, कापलेला, जोडलेला. पहिला वर घट्ट, दुसरा खाली पसरलेला, तिसरा पुन्हा वर सरकलेला. हे दिसत नसेल तर तिथेच थांबा. त्याच्याही आधी डॅपी हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग घालून केंद्रकं मायक्रोस्कोपखाली बघा, गोल आणि अख्खी हवीत. आणि पूर्ण सिक्वेन्सिंगच्या आधी दहा-वीस लाख जोड्यांचं छोटं टेस्ट सिक्वेन्सिंग करा. सिस-ट्रान्स, डुप्लिकेट, न जोडलेली टोकं, सगळं तेवढ्यात कळतं. हे सांगितलं की पोरं म्हणतात दादा वेळ जातो. जाऊ दे ना.

एसडीएस घातलं, ट्रायटन विसरलं

केंद्रकं उघडायला एसडीएस हा डिटर्जंट घालतात आणि मग त्याला बांधून ठेवायला ट्रायटन हा दुसरा. दुसरं विसरलं की एन्झाइम मेलं. एवढंच.

रात्रभराचं डायजेशन आणि पावसाळा

जुलैत रात्रभर ३७ डिग्रीवर एम्बो-वन (डीएनए कापणारं एन्झाइम) घालून घरी जाऊ नका, लाईट जाणार हे धरूनच चाला. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर असेल तरच. नाहीतर सकाळी लवकर सुरू करा, दिवसभर चालवा, मध्ये एकदा एन्झाइम वाढवा.

मुळांची टोकं, कारण सोपी पडतात

टोकांत विभागणाऱ्या पेशी जास्त असतात. विभाजनाच्या वेळी क्रोमोझोम घट्ट आवळले जातात तेव्हा कंपार्टमेंट आणि टॅड दोन्ही विरघळून जातात, माणसाच्या पेशींवर २०१३ मध्ये हे स्पष्ट दाखवलं गेलंय. तुमच्या नमुन्यात अशा पेशी मिसळल्या तर नकाशा फिकट होणार, आणि तो फिकटपणा तुम्ही उपचाराचा परिणाम म्हणून छापणार.

साध्या पेअर्ड-एंडसारखं मॅपिंग

नेहमीचा जिनोम मॅप करताना दोन्ही रीड (तुकड्याच्या दोन टोकांकडून वाचलेले भाग) काहीशे बेसच्या अंतरावर असतात, प्रोग्रॅमही तेच गृहीत धरतो आणि एक सापडली की दुसरी जवळपास ओढायला बघतो. हाय-सीत दुसरी रीड पाच कोटी बेस लांब किंवा भलत्याच क्रोमोझोमवर असणं हाच तर मुद्दा आहे. बीडब्ल्यूए-मेम हा मॅपिंगचा प्रोग्रॅम वापरत असाल तर एस आणि पी हे दोन्ही फ्लॅग द्या, म्हणजे तो जोडी लावायचा नाद सोडतो. मध्येच जोड आलेली रीड अर्धी इकडची अर्धी तिकडची असते, तिला कचरा समजून टाकू नका, पाच-प्राइम टोकाकडचा, म्हणजे रीडच्या सुरुवातीचा, भाग धरा. आणि हो, जोड्या काढून झाल्या की डुप्लिकेट काढा. पीसीआरच्या सायकल वाढवून वाढवून लायब्ररी फुगवणारे लोक आहेत, त्यांना अर्ध्याहून जास्त रीड एकच एक निघाल्या की आश्चर्य वाटतं.

प्रत्येक लांबचा ठिपका लूप नसतो

आता दुसरी लाडकी चूक. कुडाळकडची एक मुलगी, हुशार, इंटर्नशिपसाठी सार्वजनिक डेटा घेऊन स्वतः शिकत होती. एका रात्री फोन, "दादा, माका लूप गावलो! नवव्या आणि बावीसाव्याच्या मधी!" आवाजात असा आनंद की मलाही क्षणभर बरं वाटलं. मी विचारलं, "गो बाय, सेल लाईन खयची?" तर म्हणे के-५६२.

आता ज्याला माहीत आहे तो इथेच हसला असेल. के-५६२ ही लाईन क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या रुग्णाच्या पेशींपासून बनलेली आहे. त्या आजारात ९ आणि २२ या क्रोमोझोमचे तुकडे अदलाबदल होतात, बीसीआर आणि एबीएल ही जीन्स एकमेकांना चिकटतात. लहान झालेला २२ नंबरचा क्रोमोझोम १९६० मध्येच मायक्रोस्कोपखाली सापडला होता, फिलाडेल्फिया क्रोमोझोम म्हणतात तो, आणि ही ९ आणि २२ मधली अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. म्हणजे त्या पेशीत ते दोन तुकडे केंद्रकात लांबून येऊन भेटत नाहीयेत, ते एकाच दोऱ्यावर शेजारी शेजारी आहेत. हाय-सीने खरं तेच सांगितलं, आपण रेफरन्सवर, म्हणजे माणसाच्या सामान्य नमुना जिनोमवर, मॅप केलं म्हणून ते दोन वेगळ्या क्रोमोझोमवर दिसलं.

तिचं वाईट वाटलं मला, पण ती शिकली पटकन. त्यानंतर तिने एकदाही लूप हा शब्द सहज वापरला नाही. तिच्याहून मोठे लोक मात्र वापरतात. एकांनी तर आंब्याच्या ड्राफ्ट असेंब्लीवर (तुकडे जोडून बनवलेल्या कच्च्या जिनोमवर) नकाशा काढून क्रोमोझोमच्या दोन टोकांमधला भला मोठा लाल डाग लांबपल्ल्याचं नियंत्रण म्हणून ठोकून दिला होता. तो तुकडा असेंब्लीत चुकीच्या जागी लावलेला होता, बस. उचलून योग्य जागी ठेवला की डाग गायब आणि तिरकी रेघ अखंड. खरं तर असेंब्ली दुरुस्त करायलाच हाय-सी वापरतात, मग चुकीची असेंब्ली हाय-सीत दिसणार नाही तर कुठे दिसणार?

ओळखायचं कसं? मी आधी सगळा जिनोम एका स्क्रीनवर मोठ्या बिनमध्ये, म्हणजे सारख्या लांबीच्या मोठ्या तुकड्यांत, बघतो, १० लाख बेस वगैरे, कुठलीही झूम करण्याआधी. ट्रान्सलोकेशन, म्हणजे क्रोमोझोमच्या तुकड्यांची अदलाबदल, असेल तर एका टोकदार कोपऱ्यापासून सुरू होऊन लांब जाताना फिकट होत जाणारा मोठा पट्टा दिसतो, आणि कोपऱ्यावरचा रंग तिरक्या रेघेच्या तोडीचा असतो. उलटलेला तुकडा असेल तर रेघेच्या आडवा, समोरासमोर टोकं असलेला आकार. आणि खरा लूप, म्हणजे २०१४ च्या राव आणि मंडळींच्या पेपरमध्ये माणसाच्या पेशीत साधारण १० हजार मोजले तसले, तो लहानसा, चारी बाजूंनी फिकट पार्श्वभूमीवर उठून दिसणारा ठिपका असतो, एकाच क्रोमोझोमवर, बहुतेक वेळा २० लाख बेसच्या आत. दोन क्रोमोझोमच्या मधला एकुलता एक भडक डाग दिसला तर आधी कॅरिओटाइप, म्हणजे त्या पेशीत क्रोमोझोम किती आणि कसे आहेत ते, विचारा, मग जीवशास्त्र.

आंब्यात सीटीसीएफ शोधू नका

नसतं ते. वनस्पतींमध्ये सीटीसीएफ हे प्रोटीनच नाही. माणसाच्या पेशीत कोहेसिनची रिंग डीएनए ओढत ओढत लूप मोठा करत जाते आणि समोरासमोर तोंड केलेल्या दोन सीटीसीएफवर अडते, ही गोष्ट सस्तन प्राण्यांसाठी पक्की आहे, कोहेसिन खरोखर डीएनए ओढतं हे २०१९ मध्ये एकेक रेणू बघून दाखवलंय. पण तीच गोष्ट उचलून भातावर, आंब्यावर, यीस्टवर चिकटवायची आणि मग सीटीसीएफ मोटिफ सापडला नाही म्हणून डेटा खराब म्हणायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी थिसिसमध्ये वाचलंय. ॲराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यामध्ये तर ठळक टॅडही दिसत नाहीत. भातात, मक्यात टॅडसारखे प्रदेश दिसतात, पण ते कशामुळे बनतात याचं उत्तर माणसाच्या पेपरमधून कॉपी करता येत नाही.

टॅड म्हणजे वस्तू आहे असं समजणं

हाय-सीत लाखो पेशी एकत्र टाकलेल्या असतात आणि निघतो तो त्यांचा सरासरी हिशोब. मिरकरवाड्याच्या जेटीचे महिनाभर रोज संध्याकाळी फोटो काढले आणि एकावर एक ठेवले तर जिथे होड्या जास्त लागतात तिथे गडद पट्टा दिसेल, पण तसा पट्टा कुठल्याच एका संध्याकाळी नव्हता. एकेका पेशीचं हाय-सी २०१३ मध्ये झालं, मायक्रोस्कोपखाली डीएनएची वाट तुकड्यातुकड्याने रंगवून २०१८ मध्ये बघितली, पेशीपेशीत सीमा वेगवेगळ्या जागी असतात. सरासरीत त्या काही ठिकाणी जास्त वेळा येतात म्हणून चौकोन उमटतो.

त्यामुळे "आमच्याकडे इतके टॅड सापडले" हे वाक्य ऐकलं की मी पहिलं विचारतो कुठल्या टूलने आणि किती बिनवर. २०१२ मध्ये उंदराच्या स्टेम सेलमध्ये टॅडची मधली लांबी ८ लाख ८० हजार बेस निघाली. २०१४ मध्ये, खूप खोल सिक्वेन्सिंग करून, माणसाच्या पेशीत तसल्या प्रदेशांची मधली लांबी १ लाख ८५ हजार. प्राणी वेगळा हे खरं, पण फरकाचा मोठा वाटा डेप्थ आणि पद्धतीचा आहे. दोन नमुन्यांची तुलना करायची तर तेच टूल, तीच सेटिंग आणि दोन्हीकडे रीडची संख्याही कमी करून सारखी करा. हे न करता "उपचारानंतर टॅड वाढले" म्हणणारे लोक प्रत्यक्षात एवढंच सांगत असतात की दुसऱ्या नमुन्याला जास्त पैसे मिळाले.

बिन लहान करायची हाव पण इथेच येते. बिन अर्धी केली तर तेवढ्याच दाटीसाठी रीड चौपट लागतात, कारण नकाशा दोन्ही बाजूंनी वाढतो. राव यांच्या पेपरमधला अंदाज मला अजूनही सोयीचा वाटतो, ८० टक्के बिनमध्ये किमान हजार काँटॅक्ट असतील तेवढीच बारीक बिन खरी. तुमच्याकडे पाच कोटी जोड्या आहेत आणि तुम्हाला ५ हजारची बिन हवी, असं नसतं हो.

पीसी-वनचं चिन्ह

ए आणि बी कंपार्टमेंट काढताना पहिला आयगनव्हेक्टर, म्हणजे नकाशातला सगळ्यात ठळक पॅटर्न पकडणारी आकड्यांची ओळ, घेतात, त्यालाच पीसी-वन म्हणतात, प्लस म्हणजे ए आणि मायनस म्हणजे बी. पण गणिताला प्लस-मायनसशी देणंघेणं नाही, उलटं चिन्ह पण तितकंच बरोबर, आणि प्रत्येक क्रोमोझोमवर ते स्वतंत्रपणे उलटं येऊ शकतं. एका परिषदेत खार जमिनीतल्या भातावर पोस्टर बघितलं, खाऱ्या पाण्यात वाढवल्यावर बारापैकी तीन क्रोमोझोमवर अख्ख्या ए चं बी आणि बी चं ए झालं म्हणे, खाली लाल बाणसुद्धा काढलेले. मी विचारलं जीनची दाटी लावून चिन्ह जुळवलं का? ते म्हणाले प्रोग्रॅमने आपोआप केलं असेल. असेल! भाताचा अख्खा क्रोमोझोम मीठ चाखून आतबाहेर उलटत नाही. मी वनस्पतींमध्ये जीनची दाटी लावतो, जीसीवर, म्हणजे जी आणि सी या बेसच्या प्रमाणावर, माझा तेवढा भरवसा नाही, आणि प्रत्येक क्रोमोझोम डोळ्यांनी बघतो. कधी कधी पीसी-वनमध्ये कंपार्टमेंटऐवजी क्रोमोझोमचे दोन हात उतरतात, सेंट्रोमियरपाशी एकदाच चिन्ह बदलतं आणि बाकी सपाट, तेव्हा पीसी-टू बघावं लागतं.

रत्ना, सिंधू आणि इतर संकरांवर काम करणाऱ्यांना

रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचं अपत्य. त्याचा नकाशा एकाच हापूसच्या रेफरन्सवर काढला तर नीलमकडून आलेला क्रोमोझोम आणि हापूसकडून आलेला, दोन्ही एकावर एक छापले जातात. दोघांपैकी एकात उलटलेला तुकडा असेल तर अर्धाच उलटलेला दिसेल. आंबा मुळातच खूप हेटेरोझायगस, म्हणजे जोडीतले दोन क्रोमोझोम एकमेकांपासून बरेच वेगळे, त्यामुळे हे फक्त संकरातच होतं असंही नाही. जमलं तर दोन्ही हॅप्लोटाइप (आईबापांकडून आलेले दोन संच) वेगळे असलेली असेंब्ली वापरा, नाही जमलं तर निदान लिहा तरी.

बारीकसारीक

बॅलन्सिंग (प्रत्येक ओळीची बेरीज सारखी करणं) न केलेल्या नकाशावर निष्कर्ष काढू नका, एन्झाइमच्या साइट जिथे जास्त तिथे लाल जास्त, यात नवल काय. पण बॅलन्सिंगच्या आधी जवळपास रिकाम्या ओळी काढून टाका, नाहीतर सेंट्रोमियरपाशी भयानक पांढरे-लाल पट्टे येतात आणि त्यांनाही कोणीतरी नाव देतो.

दोन नकाशे शेजारी ठेवताना रंगाची पट्टी सारखी ठेवा. ऑटो स्केल बंद करा. माझ्याकडे आलेल्या "फरकां"पैकी कित्येक असे एका क्लिकमध्ये मेलेत.

रंगीत थ्री-डी मॉडेल फिरवून दाखवू नका. सरासरी मोजणीवरून बनवलेला एकच आकार म्हणजे कुठल्याच पेशीचा आकार नाही.

अंतरानुसार काँटॅक्ट कसे कमी होतात तो आलेख आधी काढा, लॉग-लॉगवर. माणसाच्या सामान्य पेशीत ५ लाख ते ७० लाख बेसच्या टप्प्यात उतार उणे १ च्या आसपास येतो. तुमचा आलेख लांबवर सपाट झाला असेल तर परत पहिल्या चुकीकडे जा.

३० नॅनोमीटरच्या दोऱ्याची आकृती प्रस्तावनेत टाकू नका. शाळेच्या पुस्तकात असते म्हणून टाकतात. २०१७ मध्ये केंद्रकाच्या आत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघितलं तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटरच्या वेड्यावाकड्या साखळ्या दिसल्या, तो सुबक दोरा नाही.

लूप आहे म्हणजे जीन चालू?

इथे घाई सगळ्यात जास्त असते. २०१७ मध्ये माणसाच्या पेशीतलं कोहेसिन रसायनाने तोडून टाकलं, सगळे लूप गेले, आणि तरी थोडक्याच जीन्सचं प्रमाण मोठं बदललं. दुसऱ्या बाजूला, ईपीएचए-४ जीनजवळची टॅडची सीमा तुटली की माणसात बोटांची घडण बिघडते हे २०१५ मध्ये दाखवलंय, आणि बोटांचंच दुसरं उदाहरण म्हणजे सॉनिक हेजहॉग या जीनचा एन्हान्सर, म्हणजे जीनला चालू करणारा डीएनएचा तुकडा, जो जीनपासून सुमारे १० लाख बेस लांब बसून काम करतो. म्हणजे काही ठिकाणी घडी निर्णायक, काही ठिकाणी तिच्यावाचून अडत नाही. तुमच्या ठिकाणी कोणतं आहे ते नकाशा बघून कळणार नाही, तो तुकडा कापून किंवा उलटवून बघावा लागेल. तेवढं करायचं नसेल तर "संबंध दिसतो" एवढं लिहा आणि गप्प बसा.

ट्यूबवर एन्झाइमचं नाव लिहा

झाड, फांदीची दिशा, तारीख, फॉर्मॅल्डिहाइडचा टक्का, एन्झाइम, सगळं पेन्सिलने लिहा, मार्कर अल्कोहोलने पुसला जातो. थर्मोकोलच्या डब्यातून कोकण रेल्वेने मुंबईला नमुने जातात, तिथे पोचेपर्यंत नुसता "ए-१, ए-२" उरतो आणि वर्षभराने कोणाला आठवत नाही एम्बो-वन होतं की हिंड-थ्री. अशा वेळी एक युक्ती आहे. एम्बो-वनने कापून, टोकं भरून जोडली की जोडावर जीएटीसी-जीएटीसी अशी आठ अक्षरं उमटतात. हिंड-थ्रीचा जोड एएजीसीटी-एजीसीटीटी असा येतो. कच्च्या फाइलमध्ये पहिल्या लाखभर रीडमध्ये दोन्ही शोधा आणि मोजा, जो नुसत्या योगायोगापेक्षा कितीतरी जास्त निघेल ते तुमचं एन्झाइम. दोन्हीपैकी काहीच वर येत नसेल तर तिसरं कुठलं एन्झाइम ऑर्डर केलं होतं का ते जुन्या बिलांत बघा, आणि बिलातही नसेल तर लायगेशन झालेलंच नाही, ती फाइल आर्काइव्हला टाका आणि पुढच्या मोसमाची पानं येईपर्यंत पंप दुरुस्त करून घ्या.